घशात उतरलेला थेंब

फसली सन १३५२, खुर्दाद महिना सरत आलेला, म्हणजे इंग्रजी १९४३ चा एप्रिल. चैत्री पौर्णिमेनंतरचा सोमवार. डोहाळजेवणाचा खर्च चौदा रुपये सहा आणे, निजामी हाली नाण्यात. हजर बायका सहा: माझी आई, थोरली वहिनी, गावातल्या तीन लेकुरवाळ्या आणि जिच्यासाठी हा घाट घातला ती माझी बायको. मी दुकानात होतो. पुरुषाचं तिथं काम नसतं. पण आमचं दुकान आणि माजघर यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळं त्या दिवशीचं बोलणं मी कानांनी ऐकलेलं आहे. जे ऐकलं नाही ते पुढं बायकोनं सांगितलं, आणि ती पदरचं घालून सांगणारी बाई नव्हे.

आमचं गाव लोहाऱ्याच्या अंगाला, कानडी मुलखाच्या कडेला. घरात आईला अव्वा म्हणायचं आणि भांडायचं मात्र मराठीत, अशी आमची तऱ्हा. दुकान तेल-मिठाचं आणि भुसारीचं. थोरला भाऊ शेती बघायचा, मी तराजू.

बायकोचं हे दुसरं गरोदरपण. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा तिला ताप भरला, एका वैदूनं मुळ्यांचा काढा दिला, तो तिनं घेतला आणि मग सगळं संपलं. तापानं गेलं की काढ्यानं, हे मला आजही सांगता येत नाही. तिच्या मनात मात्र एकच राहिलं. काढा कडू होता आणि तो घशाखाली उतरला तेव्हाच आपल्या हातून काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं होतं. तिची आई तिच्या लहानपणीच वारलेली, त्यामुळं हे बाळंतपण आमच्याच घरी व्हायचं ठरलं होतं.

आमच्या घराण्यात डोहाळजेवणाला काजळाची एक रीत होती. दुसऱ्या घरांत ती मी पाहिलेली नाही. जिची सगळी लेकरं जगली आहेत अशी बाई आधी स्वतःच्या डोळ्यांत काजळ घालते आणि त्याच बोटाला उरलेलं काजळ गर्भारणीच्या डोळ्यांत घालते. लेकुरवाळीच्या नजरेतलं सुख पुढच्या नजरेत उतरावं, असा त्यातला भाव. वहिनीची पाचही लेकरं जगलेली, म्हणून पहिला मान तिचा.

वहिनी नुकतीच येरमाळ्याच्या यात्रेहून आली होती. उन्हाळ्यात त्या गर्दीत दरसाल कुणा ना कुणाचे डोळे यायचेच. यंदा तिचे आले होते.

“अव्वा, सकाळी पापण्या चिकटल्या व्हत्या माज्या,” वहिनी म्हणाली. “आज दुसऱ्या कुणाला पुढं करा.”

“दुसरी कोण करू? हिचं एक गेलंय, तिची दोन गेलीत. पाचच्या पाच जगलेली तूच हाईस.”

“मग बोट तरी मधी धुते.”

“बोट धुतल्यावर त्येच्यात ऱ्हातंय काय? पाणी घालायचं का पोरीच्या डोळ्यात?”

बाया हसल्या. माझी बायकोही हसली. “घाला अक्का,” ती म्हणाली. “फकस्त पाचाचं वजन नका घालू, मला एकच बास हाय.”

आणि वहिनीनं काजळ घातलं. तिनं नको म्हटलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं गावात बोट तिच्याकडंच दाखवलं गेलं.

त्याच आठवड्यात बायकोचे दोन्ही डोळे आले. आमच्याकडं डोळे आले म्हणून कुणी दवाखान्यात जात नसे. आपोआप येतात, आपोआप जातात, असा हिशोब. उजवा डोळा तसा निवळलाही. डावा मात्र लाल होत गेला आणि उजेडाकडं बघवेना. आईनं रात्रीच्या दुधाची साय काढून त्याच्यावर ठेवली आणि वरून घट्ट पट्टी बांधली. सायीनं गार वाटायचं, हे खरं. पण पट्टी सोडली की आतून पिवळा पू यायचा आणि आई म्हणायची, “बघ, घाण भाईर पडायलीय.” तिला ते बरं होण्याचं लक्षण वाटत होतं.

मी बैलगाडी जुंपली आणि चार कोसांवरच्या सरकारी दवाखान्यात तिला घेऊन गेलो. तिथले डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्क, बोलणं दखनी. बायको पदर ओढून गाडीतच बसली, तर ते उन्हात गाडीपाशी आले. पट्टी सोडून डोळा बघितला आणि पट्टी तिथंच रस्त्यावर टाकून दिली.

“बांधना नहीं. काजल बिल्कुल बंद,” ते मला म्हणाले. “पानी उबालो, ठंडा करो, उस पानी से धोना. हर बार कपडा नया, और इनका कपडा कोई दूसरा नक्को लेना.”

मी विचारलं, “साहेब, पोटाशी आहे. चालंल का?”

“इसीच वास्ते बोल रहा हूँ. आँख सड गई तो बुखार आयेगा, बुखार बच्चे को अच्छा नहीं. दवा से नहीं, देरी से डरना.”

त्यांनी तपकिरी रंगाच्या थेंबांची बाटली दिली. दिवसातून चार वेळा, दोन-दोन थेंब. सगळं सांगणं बरोबर होतं, हे आता कळतं. एक गोष्ट तेवढी राहिली. ती त्यांनी सांगितली नाही, कारण कुणी विचारली नाही, आणि आम्ही विचारली नाही, कारण तसं काही असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन पाणी उकळलं. जुन्या धोतराचे तुकडे करून तेही उकळत्या पाण्यातून काढले. डोळा धुतला आणि वहिनीनं थेंब सोडले. बायको खाटेवर पडून होती. थोड्या वेळानं ती एकदम उठून बसली आणि गळ्याला हात लावून म्हणाली, “घशात आलं.”

“काय आलं?”

“औषध. कडू लागायलंय. घशात आलं ह्ये.”

मी हसलो नाही, पण आई हसली. “येडी का खुळी? डोळ्यात घातल्यालं घशात कसं जाईल?”

“गेलंय अव्वा. जिभेच्या मुळाशी कडू हाय. तसंच कडू.”

तसंच म्हणजे कसं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. आईचं हसू थांबलं. त्या संध्याकाळी थेंब घालायची वेळ आली तेव्हा बायकोनं तोंड भिंतीकडं केलं. डोळा धुऊन घेतला, पण थेंब घालू दिले नाहीत. आणि आई, जी दुपारी हसली होती, तीच आता म्हणाली, “नको म्हणते तर ऱ्हाऊ द्या. कडू औषध ह्या घराला लाभत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी दुकान भावावर टाकून मी एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर नव्हते. प्लेगाची टोचणी करायला खेडोपाडी दौऱ्यावर गेले होते, कधी येतील ते नक्की नव्हतं. कंपाउंडर होता. माणूस वाईट नव्हता, गर्दीनं कावलेला होता. मी त्याला विचारलं, “डोळ्यात घातलेलं औषध पोटात जातं का?”

तो हातातला खल ठेवून माझ्याकडं बघत राहिला. “तुमच्या घरी काय डोळ्यानं जेवत्यात का हो सावकार?”

रांगेतले लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, “जेवत असतील बाबा, दुकानदार हाईत. बघूनच पोट भरत असंल!” मीही हसल्यासारखं केलं.

“जात न्हाय,” कंपाउंडर म्हणाला. “डोळ्याचं डोळ्यातच ऱ्हातं. बिनघोर घाला.”

हे उत्तर घेऊन मी चार कोस परत आलो. बायको माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोळ्यावर पदर धरून बसली होती. मी म्हटलं, “मी विचारून आलो. पोटात जात नाही. घशातही जात नाही. डोळ्याचं डोळ्यातच राहतं.”

“मग चव कुठून आली?”

मी म्हणालो, “भास झाला असंल.”

तिनं पदर डोळ्यावरून काढला. मग म्हणाली, “मिठाच्या पोत्यात वाळू असली तर तुमाला जिभेवर कळती न्हवं? तवा तुमी भास म्हणता का?”

मी टोपी काढून खुंटीला लावली.

“माजं ऐका,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, भाव ठरवून टाकलेल्या गिऱ्हाइकासारखा शांत होता. “डोळा एक गेला तर दुसरा हाय. ह्ये गेलं तर मी दुसरं कुठनं आणू?”

ती भित्री नव्हती. औषधावर तिचा विश्वास नव्हता असंही नाही, घरात कुणाला हिंवताप आला की क्विनीन तीच हातावर ठेवायची. तिनं वजन केलं होतं. एका पारड्यात डोळा, दुसऱ्यात लेकरू. माझा जन्म तराजूमागं गेला, पण त्या पारड्यात घालायला माझ्याकडं काही नव्हतं. जोर करून तिला धरून थेंब घालावेत, असं भाऊ म्हणाला. ते मला पटलं नाही आणि ते केलं नाही, याची खंत मला अजूनही नाही.

त्यानंतर डोळा नुसता उकळलेल्या पाण्यानं धुणं चालू राहिलं. वहिनी दर वेळी स्वतः धुवायची. आधी हात राखेनं घासायची, मग उकळलेलं पाणी गार होईपर्यंत तिथंच बसून राहायची. बायकोच्या वाटणीचं दळणही तीच करू लागली. कुणी तिला काही म्हटलं नव्हतं. पण विहिरीवर बाया बोलायच्या ते तिच्या कानावर यायचं. एकदा ती धुता धुता रडायला लागली, तर बायको म्हणाली, “अक्का, तुमी रडू नका. तुमचं पाणी माज्या डोळ्यात पडलं तर पुन्यांदा यायचे माजे!” दोघी हसल्या. फळ्यांच्या भिंतीपलीकडं मी जोंधळे मापत होतो.

मग एका सकाळी ती म्हणाली, “डाव्या डोळ्यानं धूर दिसतो.” मी जवळ जाऊन बघितलं. बुबुळावर पांढरा ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. आमच्याकडं त्याला फूल पडलं म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं चांगलं नाव कुणी दिलं असेल, कोण जाणे.

तेव्हा मात्र कुणाला विचारलं नाही. मी हाली रुपये मोडून इंग्रजी कलदार घेतले, कारण सोलापूर इंग्रजी हद्दीत, तिथं आमचं नाणं चालत नसे. पक्क्या सडकेपर्यंत गाडी, पुढं मोटार. करोडगिरीच्या, म्हणजे निजामी जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गाठोडं सोडायला लावलं आणि आत उकळून वाळवलेल्या चिंध्या बघून विचारलं, “ह्या कुठं विकायला नेता?” बायको पदराआडून म्हणाली, “तुमाला पायजे तर फुकट घ्या.” शिपाई ओशाळला आणि त्यानं जाऊ दिलं. तिनं प्रवासभर तेवढं एकच वाक्य बोललेलं मला आठवतं.

सोलापुरात एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी भिंग लावून डोळा बराच वेळ पाहिला. मग आतापर्यंत काय काय केलं ते विचारलं. मी सांगू लागलो, तर त्यांनी हातानं मला थांबवलं आणि बायकोला म्हणाल्या, “तुम्ही सांगा.”

बायकोनं सगळं सांगितलं. काजळ, साय, पट्टी, थेंब. घशातल्या कडू चवीपाशी ती अडखळली. पुन्हा कुणीतरी हसेल असं तिला वाटलं असावं.

बाई म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. उतरतं घशात.”

बायकोनं मान वर केली. पदर डोक्यावरून घसरला तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

“रडू आलं की नाक वाहतं की नाही?” बाई म्हणाल्या. “डोळ्यातून नाकात एक बारीक वाट आहे. इथं, नाकाजवळच्या कोपऱ्यात. पाणी त्या वाटेनं उतरतं, तसा औषधाचा थेंबही उतरतो, तिथून घशात येतो. एवढ्याशानं पोटातल्या जिवाला काही होत नाही. पण तुम्हाला तेवढंही नको असेल तर थेंब घातल्याबरोबर डोळा मिटायचा आणि हा कोपरा बोटानं दाबून धरायचा. शंभर आकडे मोजेपर्यंत. मग खाली उतरायला वाटच नाही.”

त्यांनी बायकोचं बोट धरून तिच्याच डोळ्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. “असं. घट्ट नको, पण हलू द्यायचं नाही.” मग थेंब घातले. आकडे बायकोनंच मोजले, ओठांतल्या ओठांत, कानडीत. लहानपणी ती कानडीतच मोजायला शिकली होती. शंभर झाल्यावर तिनं बोट काढलं, आवंढा गिळला, आणि पुन्हा एकदा गिळला.

“न्हाय आली चव,” ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, “पोटात घ्यायचं कुठलंही औषध, काढा, जुलाब, विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याला भ्यायला हवं. याला नको.”

“मग ह्ये मला आदी कुणी सांगितलं का न्हाय?”

हे ती डॉक्टरांना विचारत होती की मला, ते कळलं नाही. बुबुळावरची जखम भरेल, असं बाई मला बाहेर येऊन म्हणाल्या, पण डाग राहील, आणि डाग नेमका बुबुळाच्या मधोमध आहे. थोडं आधी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होतो, पण त्या म्हणाल्या नाहीत.

आषाढात मुलगी झाली. धडधाकट, मोठ्या आवाजाची. बाईंनी सांगितल्याप्रमाणे तिचे डोळे जन्मताच उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसले आणि काजळ घातलं नाही. आई कुरकुरली, नजर लागेल म्हणाली, मग तिनंच तोड काढली आणि पोरीच्या तळपायाला तीट लावली. “हितं लावलेलं कुणाच्या डोळ्यात जात न्हाय,” असं म्हणून तिनं सुनेकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. आई माफी मागणाऱ्यांतली नव्हती. पण त्या दिवसापासून तिनं कुणाच्याही डोळ्यात बोट घातलं नाही, आणि आमच्या घरातली ती रीत तिथंच संपली.

बायको लेकराला डावीकडं घेऊन पाजायला बसली की तिला पोरीचं तोंड दिसायचं नाही. त्या बाजूला तिला नुसता उजेड कळायचा. मग ती सगळी मान वळवून बघायची. गावातल्या बाया म्हणायच्या, देवानं डोळा घेतला आणि लेकरू दिलं. बोलायला ते बरं वाटतं. मी दुकानदार आहे, मला हा सौदा कधी पटला नाही, कारण कुणी तो मागितलाच नव्हता. दोन्ही गोष्टी तिला राहू शकत होत्या. तिनं आपल्या बाजूनं खरी किंमत मोजली आणि समोर घेणारा कुणी नव्हता.

आणि मला राहून राहून वाटतं ते हे, की तिचं म्हणणं खरं होतं. चव आली होती. आम्ही सगळ्यांनी, हसणाऱ्यांनी आणि न हसणाऱ्यांनी, तिला सांगितलं की आली नाही. जो माणूस जिभेवरची चव नाकारतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर तिनं कशाला विश्वास ठेवावा? कुणी एकानं जरी म्हटलं असतं, होय, उतरतं, चल त्याला काय करता येतं ते बघू, तर तिनं ऐकलं असतं. ती ऐकणारी होती.

तीन वर्षांनी, १९४६ च्या उन्हाळ्यात, ती पुन्हा पोटाशी असताना गावात डोळ्यांची साथ आली आणि तिचा उजवा डोळा लाल झाला. ती सकाळी पापणी चिकटलेली दिसताच म्हणाली, “गाडी जुंपा.” तिनं स्वतःचा पंचा वेगळा काढला, पोरीला वहिनीच्या हवाली केलं आणि डोळ्याला बोट न लावता गाडीत जाऊन बसली.

दवाखान्यात आता नवे डॉक्टर होते. त्यांनी डोळा बघून तेच थेंब दिले. ती तिथंच बाकावर बसली, थेंब घालून घेतले, डोळा मिटला, कोपरा दाबला आणि मोजू लागली. कंपाउंडर तोच होता. तो मला ओळखत नव्हता. “काय करायल्यात ह्या?” त्यानं विचारलं.

मी त्याला सांगितलं. डोळ्यातून नाकात वाट असते, तिथून घशात. त्यानं ऐकून घेतलं, स्वतःच्या नाकाजवळचा कोपरा चाचपला आणि म्हणाला, “खरंच की. मागं एकदा माजे डोळे आले तवा मलाबी कडू लागलं व्हतं. म्या म्हणलं, पान खाल्लं त्येचंच आसंल.”

बाकावर ती अजून मोजत होती. पन्नासाच्या पुढं गेली असेल. एवढाच वेळ लागतो. तेवढ्या वेळात कंपाउंडरचा पुढचा पेशंटही बघून झाला नाही, माझी तंबाखूची चिमूटसुद्धा मळून झाली नसती.

तो डोळा आठवड्यात स्वच्छ झाला. श्रावणात मुलगा झाला. तिच्या डोळ्यासाठी दवाखान्यात झालेला खर्च असा: डॉक्टरांची फी काही नाही, औषध सरकारी, त्याचेही काही नाही. आम्ही घाईत घरून बाटली नेली नव्हती, म्हणून बाटलीचे दोन आणे हाली, कंपाउंडरला रोख दिले.